माझं म्हणजे किती माझं? मालकीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या कोर्टासमोर बसून दस्त करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. येणारा माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांची घडी काढतो, मांडीवर सरळ करतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, हे माझ्याच नावावर आहे ना, तेवढं बघा." पूर्वी त्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला असायचा. हल्ली सोबत आलेला मुलगा मोबाइल पुढे सरकवतो. त्यात डिमॅट असतं, क्रिप्टोचं वॉलेट असतं, एखादा यूट्यूब चॅनल असतो. प्रश्न मात्र तोच. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाचे लिहून काढले. क्रम सुचला तसा आहे.

मालकी आणि ताबा यात फरक काय?

तुमची छत्री पावसाच्या दिवशी शेजारी घेऊन गेला. छत्री तुमची, ताबा त्याचा. इथवर सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो मालकी म्हणजे एकच अख्खी गोष्ट आहे असं धरून चालल्यामुळे. मी तिच्याकडे किल्ल्यांचा जुडगा म्हणून बघतो. एक किल्ली वापरण्याची, एक दुसऱ्याला "आत यायचं नाही" म्हणण्याची, एक भाड्याने देण्याची, एक गहाण टाकण्याची, एक विकण्याची, एक मोडून टाकण्याची आणि एक मागे पोराबाळांना ठेवून जाण्याची. सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला आहेत असं फार कमी वेळा दिसतं. भाडेकरूकडे पहिल्या दोन असतात. गृहकर्ज घेतलेल्या माणसाकडे बऱ्याच असतात, पण विकण्याची किल्ली बँकेने अडकवून ठेवलेली असते. तेव्हा "हे माझं आहे का" यापेक्षा "यातल्या कुठल्या किल्ल्या माझ्याकडे आहेत" असं विचारलं की निम्मे वाद जागेवर मिटतात. उरलेले निम्मे मिटले तर मी खाऊ काय, हा भाग वेगळा.

सातबाऱ्यावर माझं नाव आहे. म्हणजे जमीन माझी, बरोबर?

बहुतेक वेळा हो, पण सातबाऱ्यामुळे नाही. उतारा हातात घ्या आणि नावाच्या वरचं शीर्षक वाचा. तिथे लिहिलेलं असतं "भोगवटादाराचे नाव". मालकाचं नाव असं म्हटलेलं नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा एकत्र केलेला महसुली कागद. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा आणि शिवारात काय पेरलंय, हे कळावं म्हणून तो जन्माला आला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. "उलट सिद्ध होईपर्यंत" या तीन शब्दांवर महाराष्ट्रातल्या कित्येक वकिलांची घरं उभी आहेत. फेरफार, म्हणजे दप्तरातली नाव बदलल्याची नोंद, झाला म्हणून मालकी निर्माण होत नाही आणि फेरफार राहिला म्हणून ती जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी येते ती खरेदीखतातून, वाटपातून, बक्षीसपत्रातून, मृत्युपत्रातून, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकुमातून. सातबारा ही त्या व्यवहाराची पडलेली सावली.

विकत घेणारे लोक उताऱ्यावर फक्त नाव आणि क्षेत्र बघतात. मी आधी "इतर अधिकार" या रकान्यात डोकं घालतो. तिथे सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा असतो, एखाद्या बहिणीचं नाव असतं. दुसरं बघतो ते भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ असेल तर जमीन साधारणपणे परवानगीशिवाय विकता येते. वर्ग २ म्हणजे विक्रीची किल्ली सरकारने स्वतःकडे ठेवलेली आहे. एका पाहुण्यांनी इसार देऊन झाल्यावर मला उतारा दाखवला. त्यावरचा "२" मला खोली ओलांडून येतानाच दिसला. त्यांना तो छापण्यातला काहीतरी आकडा वाटला होता.

बारा वर्षं कसली की जमीन आपली होते, हे खरं का?

पारावरचा कायदा आहे हा. अर्धा खरा आहे, म्हणून जास्त घातक. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात खाजगी मिळकतीसाठी १२ वर्षं आणि सरकारी मिळकतीसाठी ३० वर्षं आहेत. पण ताबा उघड हवा, अखंड हवा आणि मुख्य म्हणजे मूळ मालकाच्या विरोधात हवा. मालकाच्या परवानगीने राहिलेला राखणदार, वाटेकरी, भाडेकरू किंवा चुलत भाऊ ४० वर्षं राहिला तरी बारा वर्षांचा काटा सुरूच होत नाही. उलट ज्याचा ताबा खरोखर असा विरोधी आहे तो बचावापुरता थांबत नाही, स्वतः दावाही लावू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं.

लोक याची गल्लत कुळकायद्याशी करतात. तो वेगळा. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानेच खरेदीदार मानलं गेलं. किंमत भरली की ३२-म चं प्रमाणपत्र. आजही एखाद्या घरी पत्र्याच्या पेटीत, हळदीकुंकवाची बोटं लागलेलं ते प्रमाणपत्र निघतं. आजीने त्याची पूजा केलेली असते. मला तरी त्यात वावगं वाटत नाही.

साठेखत झालंय, सगळे पैसे दिलेत, चावीही घेतली. झालो ना मालक?

नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे १०० रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत हा पुढे विकण्याचा करार. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांची जोडी म्हणजे विक्री नव्हे, हे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. खरेदीखत करा.

मग फ्लॅट घेतला म्हणजे मी नक्की काय घेतलं?

पुण्यामुंबईच्या माणसाला हा प्रश्न फार उशिरा पडतो, बहुधा पुनर्विकासाची पहिली मीटिंग झाल्यावर. सहकारी सोसायटीत इमारत आणि जमीन ही शेवटी सोसायटीची व्हायची असते. तुमच्याकडे असतं सभासदत्व, भाग दाखला आणि आपली सदनिका वापरण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क. म्हणून फ्लॅट विकताना सोसायटीच्या दप्तरातही बदल करावा लागतो.

आता खरी गोम. बिल्डरने सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे लोक ज्याला कन्व्हेयन्स म्हणतात ते, करून दिलंय का? फ्लॅटची विक्री आणि मालकी यासाठी असलेल्या १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांनी त्याला सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांची मुदत दिलेली आहे. तीस-तीस वर्षं उलटलेल्या इमारती मी पाहिल्यात, जिथे मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाच्या आजोबांचं नाव आहे. वरच्या मजल्यावर इटालियन मार्बल आणि खाली पायाखालची जमीन परक्याची. यावर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटी ते मिळवू शकते. तुमच्या सोसायटीचं झालंय का, हे येत्या वार्षिक सभेत विचारा. चहासमोशाच्या आधी विचारा, नंतर कोणी थांबत नाही.

पार्किंगचंही सांगून ठेवतो. मोकळी किंवा खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. आणि दक्षिण मुंबईतली पागडी म्हणजे जुडग्याची गंमतच. राहणारा भाडेकरू, भाडं नाममात्र, तरी खोली लाखोंना हस्तांतरित होते आणि मालकाला त्यातला हिस्सा जातो. जी रक्कम आधी बेकायदा होती तिला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली.

नॉमिनी माझं नाव आहे. म्हणजे पैसे माझेच ना?

दर आठवड्याला एकदा तरी विचारतात. नॉमिनी हा राखणदार. बँकेने किंवा कंपनीने पैसे कोणाच्या हातात दिले की तिची जबाबदारी संपते, एवढंच नामनिर्देशन ठरवतं. तो पैसा अखेर कोणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. सोसायटीही नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, फ्लॅटचा मालक करत नाही. अपवाद एक ध्यानात ठेवा. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते लाभार्थी धरले जातात.

तीन भावांपैकी एकाला "तू पुण्यात असतोस, तुझं नाव टाकतो" म्हणून वडिलांनी नॉमिनी केलेलं असतं. सोय म्हणून. तेराव्यानंतर त्या सोयीचा हक्क झालेला असतो.

लग्नात मिळालेले दागिने कोणाचे?

बाईचे. स्त्रीधन तिचं एकटीचं असतं. ते सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून सासूचं होत नाही आणि नवऱ्याच्या लॉकरात ठेवलं म्हणून त्याचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हे निःसंदिग्ध सांगितलं. सासरच्यांकडे असतो तो फक्त सांभाळ. नवऱ्याने अडचणीत मोडले तर ते परत करायचं बंधन त्याच्यावर राहतं. व्यवहारात अडतं ते पुराव्यावर. सराफाच्या पावत्या माहेरच्या कोणाच्या तरी नावावर फाडलेल्या असतात किंवा फाडलेल्याच नसतात. लग्नाच्या अल्बमातला पाटल्या दिसणारा फोटो अशा वेळी कामाला येतो.

त्या अल्बमातले फोटो तरी आमचे का फोटोग्राफरचे?

इथे आपला कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून फोटोग्राफरच्या कागदावर सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा. हौसेने रस्त्यावर कोणी तुमचा फोटो काढला तर मात्र हक्क काढणाऱ्याचा.

असंच पत्राचं. आलेल्या पत्राचा कागद तुमचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. चित्र विकत घेतलं तर कॅनव्हास तुमचा, पण चित्रकाराचा हक्क पुरता संपत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरी मोडण्याची किल्ली सरकारकडे नव्हती.

गाडी विकून तीन वर्षं झाली, तरी दंड मला का येतो?

कारण आरटीओच्या दप्तरात मालक तुम्हीच आहात. हे मी स्वतः भोगलंय. जुनी स्कूटर ओळखीच्या माणसाला दिली, रोख मोजून घेतली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्याच्याच हातात दिल्या. वकील असून. एका रात्री पिठलं-भाकरी खात असताना मेसेज आला की मी शंभर किलोमीटर दूरच्या चौकात हेल्मेट न घालता पकडला गेलोय. दंड पाचशेचा होता म्हणून हसू आलं. अपघात झाला असता तर भरपाईच्या दाव्यात पहिलं नाव माझं असतं. दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक धरायचा, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलंय. विकल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. घेणाऱ्यावर सोडू नका.

शेत नांगरताना हंडा सापडला तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला अजून हंडा सापडलेला नसतो. सापडलेला कधी विचारत नाही. तरी सांगतो. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला लेखी कळवायचं. मागच्या १०० वर्षांत कोणी पुरल्याचा दावा टिकला नाही आणि धन बेवारस ठरलं, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. अर्थात सरकार किंमत मोजून ते स्वतः घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

बँकेत ठेवलेले पैसे तरी माझे?

कायद्याच्या भाषेत नाहीत. तुम्ही दिलेल्या नोटा बँकेच्या झाल्या आणि बँक तुमची कर्जदार झाली. पासबुक म्हणजे तुमच्या उधारीची वही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा राहिली, तेव्हा मुंबईतल्या लोकांना हे एका सकाळी कळलं. ठेव विम्याची मर्यादा त्या वेळी १ लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे. लॉकरमधलं सोनं मात्र तुमचंच राहतं. तिथे बँक फक्त जागा देते.

विकत घेतलेलं ई-बुक मित्राला देता येतं का?

छापील पुस्तक तुम्ही वाचून मित्राला देता, अप्पा बळवंत चौकात किंवा फुटपाथवर विकता, रद्दीत घालता. लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, पण तुमच्या हातातली प्रत तुमची. ई-बुकच्या दुकानात बटणावर "खरेदी करा" लिहिलेलं असतं आणि अटींमध्ये "परवाना". तुम्ही घेता ती वाचण्याची परवानगी. देण्याची, विकण्याची, वारसांना ठेवण्याची किल्ली त्यात नसते.

२००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलवरून काही विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले. पण सकाळी उठून कपाट उघडावं आणि कालचं पुस्तक जागेवर नसावं, तशी गत झाली. योगायोग असा की त्यात जॉर्ज ऑर्वेलचं "१९८४" होतं. आता कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे. फक्त परवाना देत असाल तर तसं स्पष्ट न सांगता "खरेदी" हा शब्द वापरायचा नाही. आपल्याकडे निदान शब्द तरी खरा लिहा, असं कोणी म्हटलं तर माझी सही पहिली.

आणि बिटकॉइन? तो तर कोणीच काढून घेऊ शकत नाही म्हणतात.

इथे किल्लीची उपमा उपमा राहत नाही. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, म्हणजे तो लांबलचक आकडा किंवा १२-२४ शब्दांची यादी, त्याच्याकडे नाणं. तलाठी नाही, फेरफार नाही, हरकत घ्यायला पंधरा दिवस नाहीत. किल्ली हरवली की संपलं. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका माणसाची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. सुमारे ८,००० बिटकॉइन. नाणी अजून त्याचीच आहेत, कचराडेपोच्या पोटात. डेपो खणू द्यावा म्हणून तो कोर्टात गेला आणि हरला.

बहुतेक लोक मात्र नाणी एक्स्चेंजवरच ठेवतात. मग किल्ली एक्स्चेंजकडे आणि तुमच्याकडे स्क्रीनवरचा आकडा, म्हणजे पुन्हा पासबुकच, तेही ठेव विम्याशिवायचं. आपल्याकडे २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, तोटा दुसरीकडे वळता करता येत नाही. कर लावला म्हणजे सरकारने मान्यता दिली, असं समजू नका. ही मालमत्ता आहे आणि विश्वस्ताप्रमाणे सांभाळता येते, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं, ते महत्त्वाचं आहे.

एनएफटी?

क्रिप्टोसारख्याच डिजिटल वहीतली पावती. चित्राची नव्हे, चित्राकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीची. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एक ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेली. चित्र आजही कोणीही फुकट बघतो.

वेबसाइटचं नाव, इन्स्टाचं खातं, मोबाइल नंबर?

डोमेन वर्षांच्या हिशेबाने मिळतं. नूतनीकरण चुकलं की दुसरा घेतो. त्या नावाला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केलं, पण भाडं भरायचं विसरलात तर निकाल दाखवून उपयोग नाही. नाव मुलाच्या मित्राच्या ईमेलवर घेतलेलं असेल तर आजच बदला. दुकान तुमचं आणि पाटी त्याची, असे दोन वाद सध्या माझ्याकडे आहेत. इन्स्टावरचे फोटो तुमचे, खातं कंपनीच्या मर्जीवर. मोबाइल नंबर बराच काळ बंद राहिला तर दुसऱ्याला दिला जातो, आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे.

वडील गेले. त्यांच्या मोबाइलमध्ये सगळं आहे आणि मोबाइलला पॅटर्न आहे. काय करू?

कायद्याने वारस तुम्हीच. पण वारसाचा दाखला मोबाइलच्या काचेला दाखवून तो उघडत नाही. म्हणून हयातीत करायच्या गोष्टी सांगतो. गुगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची सोय आहे. ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि काय द्यायचं, ते आधी नेमता येतं. नाही नेमलं तर दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं. ॲपलमध्येही वारसदार संपर्क नेमता येतो. मृत्युपत्रात पासवर्ड लिहू नका, तो कागद पुढे दहा हातांतून जातो. कुठे काय आहे याची यादी लिहा आणि ती कुठे ठेवली ते एकाला सांगा. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या वारसांना नंतरही मागता येतात, आणि शोधायला २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे.

मागच्या पावसाळ्यात एक काकू नवऱ्याचा फोन रुमालात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. मुलांनी इतके प्रयत्न केले होते की फोन तासाभरासाठी कुलूपबंद होत होता. सोबत सात वर्षांची नात होती. बाकावर बसून पाय हलवत होती. आम्ही वारस दाखल्याचं बोलत असताना ती म्हणाली, "आजोबा घर काढायचे. आधी छप्पर, मग भिंत." तिने काचेवर बोट फिरवलं आणि फोन उघडला. आत दोन मुदत ठेवींच्या पावत्या निघाल्या, एक विमा निघाला आणि लॉकरचं भाडं थकल्याचे तीन मेसेज. कोणालाच माहीत नसलेला लॉकर. त्याची किल्ली अजून सापडलेली नाही.